मदत हवी आहे: ओसीआर (गाळाने पूर्वी सोसलेला दाब भागिले आजचा भार) १ च्या खूप खाली येतोय, चाचणी चुकली का?

चिखलवाली
जाणकारांनी लवकर सांगा, परवा गाइडना आलेख दाखवायचाय. जपानच्या नानकाई खंदकाजवळ समुद्रतळातून काढलेल्या कोअरमधल्या (गाळाच्या दंडगोल नमुन्यातल्या) चिकणमातीची सीआरएस कन्सॉलिडेशन चाचणी (ठराविक वेगाने दाबत नेण्याची) केली. कासाग्रांडेच्या पद्धतीने (आलेखाच्या वळणावरून) पूर्वदाब, म्हणजे गाळाने पूर्वी सोसलेला सर्वात मोठा दाब, १.२ मेगापास्कल निघतो. ओसीआर ०.३४! दोनदा केली, तेच. गाळात पाणी कोंडून दाब वाढलाय असं सरळ लिहू का?

जुना_ओडोमीटर
नमुना किती खोलीचा? नमुन्याच्या तळाचा पोअर प्रेशर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब) किती चढला? सेलमध्ये पाणी कुठलं? काहीच न सांगता निदान कसं करायचं?

चिखलवाली
समुद्रतळाखाली २०० मीटर. पोअर प्रेशर लावलेल्या ताणाच्या ८ टक्क्यांवर गेला नाही. पाणी खारंच. एवढं येतं मला.

थरातलं_पाणी
सच्छिद्रता कशी काढलीत? नमुना १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवला असेल, तर स्मेक्टाइटच्या (फुगणाऱ्या चिकणमाती-खनिजाच्या) थरांमधलं पाणीही उडतं आणि सच्छिद्रता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. शिवाय मीठ मागे राहतं, ते कोरड्या वजनातून वजा करावं लागतं. सगळा घोळ तिथेच असतो.

जुना_ओडोमीटर
तिने सच्छिद्रता विचारलेलीच नाही. भाराला लागते घनता, म्हणजे ओल्या नमुन्याचं वजन भागिले आकारमान, त्यात ओव्हन आला कुठून?

थरातलं_पाणी
दरवेळी हेच ऐकतो. मग आलेखातला व्हॉइड रेशो (पोकळी भागिले घन भाग) कुठून येतो?

घर्षणप्रेमी
कन्सॉलिडेशन सोडा हो, फिरत्या यंत्रावर घर्षण मोजा. २०११ च्या तोहोकू भूकंपात जपान खंदकाजवळ (नानकाई नव्हे) सुमारे ५० मीटर सरक झाली. २०१२ मध्ये चिक्यू या जपानी ड्रिलिंग जहाजाने तिथे सुमारे ६,९०० मीटर पाण्याखाली भोक पाडलं, आणि तळाखाली ८२० मीटरच्या आसपास स्मेक्टाइटने भरलेली बारीक चिकणमाती मिळाली. वेगात सरकवली की घर्षण पार कोसळतं. खरी गंमत त्यात आहे.

भोचक
अवांतर: यावरून पुढचा भूकंप कधी ते कळतं का?

जुना_ओडोमीटर
नाही. @चिखलवाली, वरचा भार किती धरलास?

चिखलवाली
३.५ मेगापास्कल. घनता १.८ × गुरुत्व ९.८१ × खोली २००. समुद्राचं पाणी धरलेलं नाही, तेवढं कळतं.

जुना_ओडोमीटर
तळावरचं पाणी सोडलंस, पण गाळाच्या आतलं? तो पाण्यातच बुडालाय ना. १.८ मधून समुद्राच्या पाण्याची घनता १.०३ वजा कर. भार १.५ येईल, ओसीआर ०.८.

चिखलवाली
अरे देवा. दोन आठवडे यंत्राला शिव्या घालत होते.
पण ०.८ सुद्धा १ पेक्षा कमीच. आता तरी कोंडलेला दाब म्हणू?

गाभारखवाला
घाई नको. कोअर वर येताना दाब उतरतो, विरघळलेला वायू फुगतो, गाळाची वीण सैल होते. मग आलेखाचं वळण गोलाकार होतं आणि पूर्वदाब कमी वाचला जातो. तुझं वळण टोकदार आहे का गोल? कापण्याआधी सीटी स्कॅन केला होता?

चिखलवाली
गोल आहे. स्कॅन नाही केला. अर्धा तुकडा फ्रिजमध्ये उरलाय, उद्या स्कॅनरखाली घालते.

घर्षणप्रेमी
उरलाय? मग थोडा इकडे द्या. घर्षणाला काही ग्रॅमच लागतात.