लेआउट, मांडणी की देखावा? घरातल्या छोट्या रेल्वेचे शब्द

परळकर:
मंडळी, एक शब्द अडलाय. घरी पलंगाखाली सहा फूट बाय तीन फुटांच्या प्लायवर एन स्केलची (खऱ्याच्या १६० पट लहान) रेल्वे आहे माझी, कर्जत स्टेशन आणि तिथून वर खंडाळ्याकडे जाणारा घाट, चार वर्षं काम चालूच आहे, पलंगाखालून चाकांवर बाहेर ओढायचं आणि काम झालं की परत आत सरकवायचं. आता पुतणीला शाळेत ‘माझ्या घरातला छंद’ म्हणून एक पान लिहायचंय आणि ती विचारते काका, लेआउटला, म्हणजे रूळ, डोंगर, स्टेशन मिळून या अख्ख्या छोट्या रेल्वेला, मराठीत काय लिहू. तिच्या बाईंनी ‘मांडणी’ सुचवलंय. मला मांडणी म्हटलं की आजीच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची स्टीलची मांडणी दिसते, ताटं उभी लावलेली. शब्द चुकीचा नाही पण गाडी काही दिसत नाही त्यात. तुम्ही काय म्हणता?

नागपूरकर:
आमच्याकडे कृपा करून ले-आउट लिहू नका हो. इकडे ले-आउट म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती. ‘काकांनी घरात लेआउट टाकला’ असं पोरीनं लिहिलं तर लोक सातबारा विचारतील.

गिरगावकर:
देखावा! यात विचार कसला करायचा. गणपतीत आम्ही वाडीत चलचित्र देखावे करायचो, मोटर लावून फिरणारे, एका वर्षी आगगाडीसुद्धा केली होती, पुठ्ठ्याची. डोंगर, बोगदा, पूल, गाव सगळं होतं. त्याला कुणी लेआउट म्हटलं नाही.

डोंबिवलीची:
‘लघुलोहमार्ग प्रतिकृती’ कसं वाटतं? छापील मराठीत शोभेल.

परळकर:
ताई, अर्थ बरोब्बर आहे पण मुलीला तोंडी म्हणता यायला हवं ना, वर्गात उभं राहून वाचायचंय तिला. आणि प्रतिकृती म्हटलं की काचेच्या पेटीत ठेवलेलं काहीतरी वाटतं, हात न लावायचं. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे मी लहानपणी गेलो होतो, आणि लक्षात राहिलं ते हे की गाड्या धावत होत्या, सिग्नल बदलत होते, अंधार करून दिवे लावत होते. ते चालतं. नुसतं असत नाही.

गिरगावकर दादा, देखावा शब्द मला आवडतो आणि माझ्या मते तो वापरावाच, पण अर्ध्या कामासाठी. रुळांच्या वरचं जे सगळं, डोंगर, झाडी, घरं, नाला, त्याला इंग्रजी पुस्तकांत सीनरी म्हणतात, तो आपला देखावा. त्यातली कृतीसुद्धा आपली आहे. दिवाळीच्या किल्ल्याला आपण दगडविटांवर पोतं टाकून माती लिंपायचो, मी जाळीवर कागदाचा लगदा चढवतो, हात तोच आहे. किल्ल्यावर हळीव पेरायचो तिथे आता सुताराकडचा भुसा चाळून हिरवा रंगवून चिकटवतो. पण देखावा दहा दिवसांनी उतरवतात. हे उतरवत नाहीत, हे वर्षानुवर्षं चालतं आणि त्यात दर महिन्याला काहीतरी बिघडतं नाहीतर सुधारतं. तो भाग देखाव्यात येत नाही.

रात्री विचार करत बसलो तेव्हा लक्षात आलं की मी घरात बोलताना लेआउट हा शब्द जवळजवळ वापरतच नाही. बायकोला म्हणतो ‘रूळ टाकतोय’, ‘सांधा बसवतोय’, ‘खडी भरायचीय’, ‘बोगदा पाडला’, ‘गाडी सोडू का’. सगळी क्रियापदं मराठी आहेत आणि एकही मी डिक्शनरीतून उचललेलं नाही, स्टेशनावर उभं राहून कानावर पडलेली आहेत. म्हणजे नाव सापडत नाहीये, पण काम मराठीतच चाललंय. मला वाटतं शब्द क्रियापदाकडून शोधायला हवा. मांडणी नको वाटते पण ‘मांडलेली’ चालते. ‘काकांनी घरी रेल्वे मांडलीय.’ डाव मांडतात, संसार मांडतात, भातुकली मांडतात, तशी रेल्वे मांडली. यात खेळही आला आणि चालू असणंही आलं.

डोंबिवलीची:
हे पटलं. मग नाव काय, ‘रेल्वेचा मांड’?

परळकर:
मांड म्हटलं की घोड्यावरची मांड ना. नको. ‘मांडलेली रेल्वे’ एवढंच.

ठाणेकर:
मी रेल्वेत होतो, एकतीस वर्षं, बरीचशी सांध्यावरच गेली, आता रिटायर आहे. सांधा हा शब्द वाचला म्हणून लिहितोय. हल्लीची पोरं पॉइंट म्हणतात, हिंदीवाले कांटा म्हणतात, पण मराठीत सांधा आणि तो बदलणारा सांधेवाला, हे घट्ट धरून ठेवा. पेपरात सुद्धा ‘राजकारणाने सांधा बदलला’ असं लिहितात, लिहिणाऱ्याने सांधा बघितलेला असो नसो. आणि सांधा म्हणजे जोड नव्हे बरं का. दोन रूळ टोकाला टोक लावून फिशप्लेटने बांधतात तो जॉइंट. सांधा म्हणजे जिथे गाडी एका लाइनवरून दुसरीकडे वळते ते सगळं प्रकरण. त्याला जीभ असते, आम्ही टंग रेल म्हणायचो, आणि पुढे नाक असतं, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, क्रॉसिंगचं नोज. जीभ आणि नाक दोन्ही नीट असले की गाडी आवाज न करता जाते.

परळकर:
काका, दंडवत. माझा सांधा नंबर ३ गेले सहा महिने गाडी पाडतोय. इंजिन जातं, पहिला डबा जातो, दुसऱ्या डब्याची पुढची चाकं सरळ जातात आणि मागची फाट्यावर. चाकं बदलली, डब्यात वजन टाकलं, रूळ घासले. काही नाही.

ठाणेकर:
जीभ पूर्ण चिकटत नसेल. आमच्याकडे सिग्नलवाले येऊन जिभेच्या टोकाजवळ ५ मिलीमीटरची पट्टी मध्ये घालून सांधा फिरवायचे, पट्टी असताना तो लॉक झाला तर सांधा नापास. तुमच्याकडे काय माप लागेल ते तुम्ही काढा.

परळकर:
काढलं. माझं स्केल १६० ला १ आहे, म्हणजे ५ मिलीमीटरचे होतात ०.०३ मिलीमीटर. वहीचा कागदसुद्धा त्याहून जाड असतो! काल रात्री टेबललॅम्प आडवा ठेवून भिंगातून बघितलं तर जीभ आणि बाजूच्या रुळामध्ये उजेडाची रेघ दिसली, केसाएवढी. स्लीपरखाली, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीखाली, कुठेतरी फेव्हिकॉलचा सुकलेला थेंब होता, त्यावर जिभेची सरकपट्टी अडत होती. खडी बसवताना मीच सांडला असणार. खडी बसवायला फेव्हिकॉल आणि पाणी अर्धं अर्धं करून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकतो आपण, म्हणजे ते खडीवर थेंब होऊन न बसता आत झिरपतं, आणि नेमकं सांध्यापाशी ते नको तिथपर्यंत झिरपलं. सांध्याजवळ खडी कोरडीच ठेवून कडेकडेने सुईने चिकटवायला हवी होती.

काका, ‘जीभ चिकटत नाही’ हे तीन शब्द मला कुठल्याही इंग्रजी व्हिडिओत मिळाले नाहीत, तिथे सगळे मला चाकांच्या मागे पाठवत होते.

ठाणेकर:
ब्लेडने खरवडू नका, वाकेल. सुई गरम करून थेंब मऊ करा. आणि खडी भरून झालं म्हणजे काम झालं असं नाही, पॅकिंग बघा, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून बसलीय का ते. स्लीपर हलका झाला की वरून रूळ सरळ दिसतो पण गाडी गेली की दबतो. बोट ठेवून बघा, कळतं.

गिरगावकर:
पॅकिंगला मराठी शब्द?

ठाणेकर:
पॅकिंग. सगळी गँग पॅकिंगच म्हणते. जो शब्द माणसं घाम गाळताना वापरतात तो मराठीच झाला.

कुर्ल्याचा:
वाघीण राहिली! मालगाडीचा डबा म्हणजे वाघीण, वॅगनचं झालेलं रूप. माझा मुलगा लहान असताना कुर्ला यार्डात बोट दाखवून विचारायचा यातली कुठली वाघीण चावते. मी अजून मॉडेलच्या खोक्यांवर मार्करने बंद वाघीण ४, उघडी वाघीण ६, टाकी ३ असं लिहितो. फलाट पण तसाच, प्लॅटफॉर्मचा. मालधक्का, फाटक, भराव, बोगदा, सगळे शब्द तयार आहेत. आणि मोरी. रुळांखालून पाणी जायला बांधतात ती मोरी, घरातली नव्हे.

डोंबिवलीची:
वेदरिंगला काय म्हणाल? मी गाड्या रंगवते, नवं कोरं मॉडेल आणलं की ते प्लास्टिकचं दिसतं, म्हणून धूळ, गंज, तेलाचे डाग रंगवायचे. ‘जुनं करणे’ म्हणते पण ते जुनं नसतं, वापरलेलं असतं.

परळकर:
ताई, रापवणे! उन्हावाऱ्यात माणूस रापतो ना, तसा डबा रापतो. डब्याला राप चढवायचा. मी कोरड्या गेरूची पूड मऊ ब्रशने खालच्या पट्ट्यावर आणि चाकांच्या आसपास मारतो, ब्रेक घासून उडणारी लोखंडाची तांबूस धूळ जशी बसते तशी. वर छपरावर काजळीचा हात. गेरू दारातल्या रांगोळीखालचाच, किराणावाल्याकडचा. फक्त आधी मळसूत्रावर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या वर्मगिअरवर, चिकटपट्टी लावून झाका, पूड आत गेली की मोटर ओरडते.

डोंबिवलीची:
रापवणे घेतला. आजपासून तोच.

नेरळचा:
स्केल आणि गेज यात लोक फार गोंधळ करतात, त्याचं पण होऊन जाऊ दे.

परळकर:
हो, आणि आपल्याकडे तो गोंधळ जास्त महत्त्वाचा आहे. स्केल म्हणजे प्रमाण, सगळी वस्तू किती पटीने लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ म्हणजे ८७ ला १, रूळ १६.५ मिलीमीटरवर. एन म्हणजे १६० ला १, रूळ ९ मिलीमीटरवर. ही दोन्ही युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलीमीटरच्या गेजवरून निघालीत. आपलं ब्रॉडगेज १६७६. म्हणजे एचओमध्ये आपले रूळ १९.३ मिलीमीटरवर पाहिजेत आणि एनमध्ये साडेदहावर. बाजारातले तयार रूळ घेतले की आपली गाडी अरुंद रुळांवर उभी राहते, आणि रोज लोकलने जाणाऱ्या माणसाच्या नजरेला ते लगेच खटकतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही पण गाडी उंच आणि बारीक पायांची दिसते. एक मार्ग म्हणजे गाडीच १०० ला १ प्रमाणात बांधायची, मग १६.५ चे तयार रूळ जवळजवळ बरोबर बसतात. मी एनवर अडकलोय, मी तडजोड केली. पण मराठीत लिहिताना ‘साइज’ म्हणून दोन्ही एकत्र करू नका, प्रमाण आणि गेज वेगळं ठेवा. नेरळवाल्यांना काय सांगायचं म्हणा, तुमच्या स्टेशनावर ब्रॉडगेज आणि माथेरानचं दोन फुटी गेज शेजारी शेजारी दिसतं.

नेरळचा:
दिसतं. शाळेतून येताना रोज दोन्ही ओलांडायचो. आणि आमच्या गाडीला कुणी टॉय ट्रेन म्हटलं की अजून राग येतो, ती १९०७ पासूनची खरी गाडी आहे, खेळणं नाही.

कोथरूडची:
सिलेक्टिव्ह कॉम्प्रेशनला आम्ही घरी ‘आटवणे’ म्हणतो. अख्खं स्टेशन मापात करायला गेलं तर हॉल पुरत नाही, मग चार फलाटांचे दोन करायचे, फलाट आखूड करायचा, पण ओळख जाऊ द्यायची नाही. दूध आटवतो तसं.

परळकर:
वा! बारा डब्यांची लोकल माझ्या प्रमाणातसुद्धा दीड मीटरच्या वर जाते, सहा फुटी प्लायवर वळणाला जागा उरत नाही. म्हणून माझ्याकडे सहा डब्यांची आहे. कर्जत आटवलंय मी. आटवताना काय ठेवायचं हे ठरवणं सगळ्यात कठीण गेलं, शेवटी मागून इंजिन लावायची जागा ठेवली, कारण कर्जतला गाडी थांबते ती बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारं इंजिन, लागण्यासाठी आणि वडेही तेवढ्यात खायचे. तो मागून बसणारा हलका धक्का ज्याला माहीत आहे त्याला ते कर्जत वाटणारच.

आता माझा शेवटचा प्रश्न. घाटाचा चढ खऱ्यात ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ पुढे गेलं की १ वर. माझ्या १८० सेंटीमीटरमध्ये त्या हिशोबाने पाच सेंटीमीटरसुद्धा चढत नाही, आणि खालच्या रुळांवरून वरचा रूळ न्यायचा तर तेवढी उंची लागतेच. म्हणून डोंगराच्या पोटात गोल गोल चढणारा रूळ टाकायचाय, इंग्रजीत हेलिक्स. ३० सेंटीमीटर त्रिज्येचा एक फेरा म्हणजे १८८ सेंटीमीटर, त्यात पाच सेंटीमीटर चढतात. दोन फेरे पुरेत. शब्द काय?

कुर्ल्याचा:
गोल जिना.

ठाणेकर:
मळसूत्र तुम्हीच मघाशी वापरलात की. मळसूत्री चढ.

परळकर:
मळसूत्री चढ! काका, हा मी प्लायच्या कडेला पेन्सिलीने लिहून टाकतो. पुतणीचं पान झालं, तिने पहिलं वाक्य लिहिलंय ‘माझ्या काकांनी पलंगाखाली कर्जत मांडलंय’. रेल्वे हा शब्दसुद्धा काढून टाकला तिने.

रविवारी सकाळी दहा ते दोन ब्लॉक घेतोय, सांधा नंबर ३. काका, ठाण्याहून येणं जमेल का? सुई मी गरम करतो, जीभ तुम्ही बघा.

ठाणेकर:
स्लो लोकलने येतो. भिंग माझं आणतो.