मदत हवी आहे: पणजोबांची पदके आणि पलटण

आजोळच्या ट्रंकेत पणजोबांची दोन तांबूस, सहा टोकांची पदके सापडली. एकाची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा, दुसरीची लाल-पांढरी-हिरवी. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली आफ्रिका स्टार आणि इटली स्टार. ते मराठा पलटणीत होते एवढंच घरात ठाऊक. आजी 'केरेन'चं नाव घ्यायची. आम्हाला वाटायचं बाईचं नाव! ते पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियातलं गाव, १९४१च्या लढाईचं. मराठ्यांची तिसरी बटालियन तिथे लढली, पुढे इटलीतही. १९४४ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे तिचेच. पण पहिली बटालियनही इटलीत होती, म्हणून पणजोबा नेमके कुठल्या बटालियनचे ते कळत नाही. पदकांवर नाव-नंबर काही नाही. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला सैनिकी नंबराशिवाय पत्र लिहून काही हाती लागतं का? कुणी मिळवलंय का असं रेकॉर्ड?