मदत हवी आहे: मॉडेल विमानांची जाम झालेली जुनी इंजिनं न मोडता कशी सोडवावीत?

नमस्कार मंडळी,

बाबा पूर्वी एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना एरोमॉडेलिंग शिकवत. आधी दोन तारांवर गोल फिरणारी कंट्रोल लाइनची विमानं, पुढे रेडिओवालीही. त्यांची इंजिनं रत्नागिरीच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या डब्यात पडून होती. यंदा घर आवरताना डबा खाली काढला आणि पुण्याला घेऊन आले. चार इंजिनं आहेत, चारही जाम. बाबांना ती शोकेसमध्ये नकोत, चालू हवीत. त्यांच्या बोटांत आता पूर्वीसारखा जोर नाही, म्हणून हात माझे आणि सूचना त्यांच्या असं ठरलंय. पाना-स्क्रूड्रायव्हरची मला सवय आहे, स्कूटरचा कार्बोरेटर घरीच साफ करते. पण एवढं लहान इंजिन कधी उघडलेलं नाही.

डब्यात आहे ते असं:

ओएस मॅक्स ३५. ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणारं, साधारण पावणेसहा सीसी. बाहेरून सगळीकडे तपकिरी थर. पंखा अजिबात हलत नाही, पण जोर लावला की किंचित लवचिक लागतो.

ओएस ४६ एफएक्स. यातलं सर्वांत नवं, साडेसात सीसीच्या आसपास. दिसायला स्वच्छ, पण दगडासारखं घट्ट. एक्झॉस्टमधून पाहिलं तर पिस्टन पार वर आहे.

कॉक्स बेबी बी, ०.०४९ म्हणजे जेमतेम पाऊण-एक सीसीचं. फिरतं, पण खूप जड. फुंकून पाहिलं तर हवा कुठूनच जात नाही.

एमके-१७. रशियन डिझेल, म्हणजे प्लगशिवाय नुसत्या दाबाने पेटणारं, दीड सीसी. याच्यावर बाबांचा सर्वांत जास्त जीव. पूर्ण जाम.

आतापर्यंत फक्त बाहेरून कापडाने पुसलंय. ओळखीच्या एका मेकॅनिकने पंख्याच्या जागी पाना लावून एक झटका द्यायला सांगितलं, ते बाबांनी हाणून पाडलं. माझे प्रश्न: कुठून सुरुवात करू? डब्ल्यूडी-४० पुरेल का? गरम करायचं तर किती, आणि कशाने? आणि कुठलं इंजिन नुसतं चिकटलंय, कुठलं खरोखर गंजलंय, हे उघडण्याआधी ओळखता येतं का?

लेथमास्तर:
ताई, बाबांचं ऐकलंत हे फार चांगलं केलंत. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असतो तेव्हा क्रँकला जबरदस्त तरफ मिळते. तुम्हाला हाताला थोडासाच जोर वाटतो आणि आत कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. तुमच्या ४६ चा पिस्टन नेमका वर आहे, तेव्हा त्याला पाना मुळीच नको.

दुसरं, एक्झॉस्टच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन ढकलायचा मोह होईल. खिडकीची कड किंवा पिस्टनचा माथा ओरखडला की कॉम्प्रेशन गेलं, आणि जुन्या इंजिनाचा पिस्टन आणि लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आता कुठून आणणार?

आता ३५ बद्दल. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल असतं. स्पर्धांचं प्रमाणित इंधनच ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. मिथेनॉल उडून जातं, एरंडेल मागे राहतं आणि वर्षानुवर्षांत लाखेसारखं घट्ट होतं. तुम्ही सांगताय तो तपकिरी थर आणि हाताला लागणारी लवचिकता हे त्याचंच लक्षण. धातू धातूला धरून बसलेला नाही, मध्ये एरंडेल आहे. गंजलेलं इंजिन असं लवत नाही, ते ठप्प असतं.

करायचं असं. प्लग काढा, मागचं झाकण काढा, कार्बोरेटर वेगळा करून बाजूला ठेवा. प्लगच्या भोकातून, एक्झॉस्टमधून आणि मागून पातळ तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग हीट गनने सिलिंडर आणि क्रँककेस सगळीकडून सारखी गरम करा, एका जागी रोखून नको. पाण्याचा थेंब चुर्रकन उडून जाईल इतपत. साधा लाकडी पंखा लावा, जाड हातमोजे घाला आणि पंखा पुढे-मागे अगदी थोडा थोडा डुलवा. हलला नाही तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. जोर वाढवायचा नाही, वेळ वाढवायचा. गॅसची ज्योत किंवा टॉर्च वापरू नका, आत जुनं इंधन असू शकतं.

डब्ल्यूडी-४० बाहेरची घाण काढायला ठीक आहे, जुनं एरंडेल त्याने फारसं विरघळत नाही. ॲसिटोन आणि गाडीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) निम्मं-निम्मं मिसळून पाहा. ॲसिटोन शिरतो, एटीएफ वंगण देतं. फक्त ते मिश्रण घातल्यावर लगेच हीट गन लावायची नाही. ॲसिटोन पेट घेतो. उघड्यावर ठेवून तो पूर्ण उडून जाऊ द्या, मगच गरम करा.

नागपुरी_वारा:
४६ एफएक्सची गोष्ट वेगळी आहे. त्याला पुढे-मागे दोन बॉल बेअरिंग असतात. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि इंधनात मिसळलेलं नायट्रोमिथेन जळाल्यावर आम्लं तयार होतात. उडवून झाल्यावर टाकीतलं इंधन जाळून तेल सोडलं नसेल, तर आधी मागचं बेअरिंग जातं. त्यात माळा रत्नागिरीचा. बाहेरून स्वच्छ असूनही ते घट्ट आहे, म्हणजे माझा संशय बेअरिंगवर.

आणखी एक. या इंजिनाचा लायनर पितळेचा, आतून निकेलचा मुलामा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता ठेवतात, चालू इंजिन तापून पसरलं की फिट बरोबर बसतो. म्हणून नवं कोरं इंजिनही थंड असताना वर येताना घट्ट लागतं. बरेच जण त्यालाच जाम समजतात. थंड असताना ओढाताण केली तर मुलामा सोलून निघतो. आधी तापवा, मग हलवा.

उमा_आर (धागाकर्ती):
दोघांचेही आभार! बाबा म्हणतात, शेवटच्या काही वर्षांत ४६ च्या इंधनात नायट्रो होतं आणि उडवून झाल्यावर तेल घालायचं राहून जायचं. म्हणजे संशय खरा असणार. मागचं झाकण काढलं तर आतल्या गोळ्या तपकिरी दिसताहेत. बेअरिंग बदलायचं तर काढू कसं? आणि कुठेतरी कूलंटमध्ये उकळायचा सल्ला वाचला, तो कितपत बरा?

सीएल_पायलट:
कूलंट चालतो, माझी बरीच इंजिनं मी तशीच सोडवली आहेत. रेडिएटरचं इथिलीन ग्लायकॉलवालं कूलंट, जुनं पातेलं, मंद आच, काही तास. खळखळ उकळायची गरज नाही. आधी रबरी रिंगा, प्लास्टिक, कार्बोरेटर, प्लग सगळं काढा. एरंडेलाचा जळका थर सुटतो आणि पिस्टन आपोआप मोकळा होतो. बाहेर काढल्यावर गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि ताबडतोब तेल लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी लायनरवर गंज दिसेल.

पण नीट ऐका. ते विष आहे आणि चवीला गोड. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घरात नको, स्वयंपाकघरात तर नकोच, आणि ते पातेलं पुन्हा अन्नाला वापरायचं नाही.

लेथमास्तर:
मी कूलंट शेवटचा उपाय मानतो. रंगीत ॲनोडाइझ केलेले भाग फिके पडतात, आणि गंजाने धरलेल्या पिस्टनला त्याचा काही उपयोग नाही. ३५ साठी हीट गन पुरेल असं माझं मत.

४६ च्या बेअरिंगचं: आधी लायनर आणि पिस्टन काढा. क्रँककेस तापवलं की लायनर वर सरकतो, मग कनेक्टिंग रॉड क्रँकपिनवरून मागे सरकवून काढता येतो. क्रँकशाफ्ट मागून बाहेर येतो. पुढच्या टोकावर हातोडी नको. जुना नट आट्यांवर शाफ्टच्या टोकाला सपाट येईल एवढा चढवा आणि लाकडाच्या तुकड्याने टिचक्या मारा. मग रिकामं क्रँककेस ओव्हनमध्ये १५० अंशाच्या आसपास तापवून लाकडी फळीवर आपटा. मागचं बेअरिंग स्वतःच खाली पडतं, कारण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त पसरतं. पुढचं आतून लाकडी दांडीने ढकला. नवं बसवतानाही क्रँककेस गरम आणि बेअरिंग फ्रीजरमधून काढलेलं.

बेअरिंगच्या बाजूचा नंबर वाचता आला नाही तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून न्या. नाना पेठेत किंवा मुंबईला नागदेवी स्ट्रीटला मिळून जाईल. 'सी३' मागा, त्यात गोळ्यांना थोडी जास्त जागा असते आणि गरम इंजिनात ती लागते. मागचं बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडं हवं, इंधनातल्या तेलावरच त्याचं वंगण चालतं. पुढच्याला फक्त बाहेरच्या बाजूने सील.

कॉक्सप्रेमी:
बेबी बी बहुतेक जाम नाहीच. त्याला मागे एक पातळ रीड व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी लवचिक पट्टी) असतो, तो एरंडेलाने चिकटतो आणि हवा बंद होते. मागचे स्क्रू काढून टाकी उघडा, रीड नखाने ओढू नका, स्पिरिटमध्ये भिजवून आपोआप सुटू द्या. टाकीतली नळी प्लास्टिकची असते, तिला ॲसिटोन लागू देऊ नका. सिलिंडर आट्यांवर फिरवून निघतो, पण त्याचा खास पाना असतो. तो नसेल तर सिलिंडरला पक्कड लावू नका, कल्ले (थंड करणाऱ्या बाहेरच्या पातळ कडा) तुटतात. वरचा ग्लो हेड हाच प्लग असतो. दीड व्होल्टवर तार नारिंगी तापली की तो जिवंत.

उमा_आर (धागाकर्ती):
बातमी आहे. ३५ सुटलं! रात्रभर तेलात ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत हीट गन लावली. आधी एक्झॉस्टमधून तपकिरी पातळ रस गळायला लागला, मग पंखा बोटाएवढा सरकला, आणि पुढच्या खेपेला पूर्ण फेरी. पुसून नवीन तेल घातल्यावर बाबांनी स्वतः पंखा फिरवून कॉम्प्रेशन पाहिलं, दोनदा. आतला पिस्टन एका बाजूला पिवळसर आहे, पण ओरखडा नाही.

कॉक्सचा रीड चिकटलेलाच होता, आता हवा जाते. ४६ पूर्ण उघडलंय. मागचं बेअरिंग खडबडीत, पुढचं बरं, पण दोन्ही बदलणार.

राहिलं एमके-१७. तेल आणि उष्णतेने पिस्टन मोकळा झाला, पण वरचा कॉम्प्रेशनचा स्क्रू सैल केला तरी आतला काँट्रा-पिस्टन, म्हणजे त्या स्क्रूने खाली-वर होणारा सिलिंडरच्या माथ्यातला दुसरा पिस्टन, वर येत नाही. पंखा वरपर्यंत आणला की पिस्टन त्याला टेकतोय असं वाटतं. एका ओळखीच्यांनी सिलिंडरमध्ये तेल भरून पंखा फिरवा, दाबाने वर जाईल असं सुचवलं. करू का?

सीएल_पायलट:
नको, नको. तेल दबत नाही. काँट्रा-पिस्टन हलला नाही तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो, आणि दीड सीसीचा रॉड केवढासा असतो! वरचा कल्लेवाला भाग काढा, सिलिंडर क्रँककेसपासून वेगळा करा, पिस्टन बाहेर. मग सिलिंडर बाहेरून तापवा आणि खालून, तोंड सपाट केलेल्या लाकडी दांडीने काँट्रा-पिस्टन वर ढकला. लाकूडच, लोखंड नाही. निघाला की त्याच्या कडेचा थर फक्त तेल आणि कापडाने काढा. पॉलिश पेपर लावलात तर तो सैल होईल, आणि चालू इंजिनात सेटिंग टिकणार नाही. बसवताना वरची बाजू वरच ठेवा, आधीच खूण करून घ्या.

उमा_आर (धागाकर्ती):
नाही करत. उद्या सिलिंडर काढते. डिझेलचं इंधन घरी बनवता येईल का, तेही सांगून ठेवा. बाबांना ईथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या भागांत आठवतंय.

सीएल_पायलट:
बाबांचं बरोबर आहे, तिन्ही समान. जुन्या लोखंडी पिस्टनला एवढं एरंडेल हवंच. तयार मिळणाऱ्या कमी तेलाच्या इंधनावर तुमचं ३५ सुद्धा चालवू नका. एरंडेल शुद्ध घ्या, केसांना लावायचं वासाचं नको. ईथर ताजं आणि बंद बाटलीतलं हवं. बरेच दिवस उघडी राहिलेली बाटली वापरू नका, त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि ते स्फोटक असतात. मिसळायचं ते मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत, सिगारेट, स्विच काही नको. पहिल्यांदा चालवताना कॉम्प्रेशन सैल ठेवा, पंख्याला टिचकी मारत थोडं थोडं वाढवा. पंखा उलटा झटका मारायला लागला तर कॉम्प्रेशन जास्त झालंय, अर्धी फेरी मागे घ्या. बोटाला जाड चामडी टोपण घाला, आणि बाबांना पंख्याच्या रेषेत न बसवता इंजिनाच्या मागे बसवा.