मदत हवी आहे: आस्कमेनच्या नोंदीत मालक कोण लिहायचा?

मंडळी, मराठी विकिपीडियासाठी आस्कमेन या पुरुषांच्या ऑनलाइन मॅगझिनवर नोंद लिहितोय. १९९९ ला कॅनडात माँट्रियलला सुरू झालं, २००५ मध्ये आयजीएन या गेमिंग साइटवाल्या कंपनीने घेतलं, त्याच वर्षी आयजीएनच न्यूज कॉर्प या मीडिया कंपनीकडे गेली आणि २०१३ ला झिफ डेव्हिस या दुसऱ्या मीडिया कंपनीने आयजीएनसकट सगळंच घेतलं, त्यामुळे कोणी जुनी बातमी वाचून मालक बदलला की माहितीचौकट (नोंदीतला थोडक्यात माहितीचा तक्ता) चुकलीच. मग चौकटीत फक्त आत्ताचा मालक ठेवून बाकी सगळं इतिहास विभागात सालासकट देऊ का? आणि वाचकसंख्येचे आकडे कंपनीच्याच प्रसिद्धीपत्रकातले असले तर मला ते अजिबात घ्यायचे नाहीयेत, स्वतंत्र संदर्भ कुठे शोधू? वेबॅक मशीनवरच्या (जुनी वेबपानं साठवणारी साइट) जुन्या बातम्या जोडल्या तर चालतात ना? जाणकारांनी प्लीज सांगा.