अनुभव धागा : हीलर व्हायला शिकलो तेव्हा

ऑनलाइन खेळात हीलर (जखमी साथीदारांचा जीव भरून काढणारा खेळाडू) होणारे आपल्या गोव्यात किती आहेत, हे मला गेल्या चवथीला कळलं. फोंड्याला मामाच्या घरी आम्ही सात भावंडं जमलो होतो. आरत्या आटपल्यावर गप्पा खेळांवर आल्या आणि सातांतले चौघे हीलर निघाले. चौघांचे खेळ वेगळे, शिकण्याच्या तऱ्हा वेगळ्या, तरी एकमेकांचं ऐकताना सगळे मान डोलवत होते. म्हणून हा धागा. खेळ कुठलाही असू दे. कुठलं बटण कधी दाबायचं याची यादी नको, ती कुठेही मिळते. हीलिंग शिकताना कुठली सवय मोडावी लागली, ते लिहा.

माझं आधी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टअखेर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची क्लासिक आवृत्ती सुरू झाली आणि आठवड्याभरात चवथ आली. मावसभाऊ वॉरियर (योद्धा) घेऊन टँक, म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेणारा, झाला होता. पाच जणांच्या गटात एक टँक, एक हीलर, तिघे मारणारे. हीलर व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी प्रीस्ट, म्हणजे मंत्रांनी जीव भरणारा पुजारी, घेतला. डेडमाइन्स या डंजनमध्ये (गटाने लढायची बंदिस्त जागा) पहिल्या रात्री कुणाची जीव दाखवणारी पट्टी केसभर उतरली तरी मी लगेच मंत्र टाकायचो. सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसल्या की जीव थंड व्हायचा. दोन-तीन झुंजींत माना (मंत्रांना लागणारी शक्ती) संपायचा, मग तो भरायला मी पाणी पीत बसायचो आणि चौघे ताटकळायचे.

मग कुणीतरी पाच सेकंदांचा नियम समजावला. क्लासिकमध्ये माना खर्चून मंत्र टाकला की पुढची पाच सेकंदं स्पिरिट या गुणामुळे भरणारा माना थांबतो. मी दर तीन सेकंदांनी काहीतरी टाकत होतो, म्हणजे तो कधी भरतच नव्हता. हात बांधून पाच-सहा सेकंद नुसतं बघायचं, टँकची पट्टी अर्ध्यावर येऊ द्यायची आणि मग एक मोठा मंत्र टाकायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या पाच सेकंदांत माझ्या तळव्यांना घाम यायचा.

दुसरी सवय ढालीची. झुंज सुरू व्हायच्या आधी मी भावाच्या अंगावर मंत्राची ढाल घालायचो. शेवटी तो कळवळून म्हणाला, "दादा, ढाल घालू नकोस रे, मला मार खाऊ दे." वॉरियरला मार बसला की राग चढतो आणि त्या रागावरच त्याच्या साऱ्या चाली चालतात. मार ढालीने गिळला तर राग नाही. राग नाही तर शत्रू त्याच्याकडे टिकत नाही, तो वळतो हीलरकडे. माझ्या काळजीने त्याचेच हात बांधले जात होते. हे कळायला मला चार रात्री लागल्या.

आता तुम्ही लिहा.

*

म्हापशाहून, कॉलेजचं शेवटचं वर्ष

मी फायनल फँटसी १४ खेळते, व्हाइट मेज, म्हणजे तिथली हीलर. या खेळात मोडलेली सवय तुमच्या उलट आहे, दादा. मी काहीच करत नव्हते! पट्ट्या भरलेल्या आहेत तर आपलं काम झालं, असं समजून उभी राहायचे. एका अनोळखी टँकने अगदी नीट शब्दांत लिहिलं, "फावल्या वेळात दगड मार," म्हणजे शत्रूवर दगडाचा मंत्र टाक. चार जणांच्या गटात मारणारे दोघेच असतात. हीलरने हात चालवला तर झुंज लवकर संपते, आणि लवकर संपली तर मारही कमी बसतो. पुढे होली हा मंत्र मिळाला, तेव्हा हे पुरतं पटलं. त्याने भोवतालचे शत्रू काही क्षण गोठतात. गोठलेला शत्रू टँकला मारत नाही, म्हणजे तो वारच माझा उपचार झाला.

पण मला सांगायचं आहे ते बेनेडिक्शनबद्दल. एका झटक्यात पूर्ण जीव भरणारा मंत्र, आणि एकदा वापरला की परत मिळायला तीन मिनिटं. मी तो जपून ठेवायचे. अख्खं डंजन संपायचं, तो तसाच पडून. मग एकदा वॉरियर टँकची पट्टी एकावर आली. नुसता १! मी घाबरून बेनेडिक्शन टाकलं. त्याने हॉलमगँग लावलं होतं हे मी पाहिलंच नाही. ते लावल्यावर दहा सेकंद त्याचा जीव एकाखाली जात नाही, तो मरूच शकत नाही. मी त्याला भरला, उरलेल्या आठ सेकंदांत तो परत एकावर आला, हॉलमगँग उतरलं आणि तो पडला. माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. तेव्हापासून मी पट्टीच्या आधी तिच्या बाजूची छोटी चिन्हं वाचते. कुणाला किती लागलंय हे पट्टी सांगते. किती वेळ आहे ते चिन्ह सांगतं.

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, त्याबद्दल थोडं. आपल्याकडून जपानच्या सर्व्हरवर खेळताना हात थोडा आधी चालवावा लागतो. या खेळात शत्रूची तयारीची पट्टी भरली त्या क्षणी मार कुणाला बसणार ते ठरतं, आग-धूर नंतर दिसतो. म्हणून मी आगीकडे बघणं सोडलं. पट्टी संपायच्या आत वर्तुळाबाहेर.

*

वाळपईहून

थोडक्यात लिहितो. पावसाळ्यात सत्तरीत लाइट जाते, आणि हीलरची लाइट गेली की उरलेल्या चौघांची गत काय होते ते मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून ऐकलंय. राउटरला छोटी बॅटरी लावली. मृगाच्या दिवसांत गटात शिरताना आधीच सांगतो : "इथे पाऊस आहे, अचानक गेलो तर माझी वाट बघू नका." बरेच जण म्हणतात, चालेल. जे नाही म्हणतात त्यांच्यासोबत जात नाही.

*

डिचोलीकडच्या एका गावातून

मी भजनात पखवाज वाजवतो, वीसेक वर्षं झाली. आमच्या मंडळातला एक मुलगा अल्बियन ऑनलाइन खेळायचा. २०२१ पासून तो खेळ फोनवर चालतो, म्हणून मीही घेतला. त्यात जात-वर्ग निवडायचा नसतो. हातात जे शस्त्र, अंगावर जे कपडे, ते तुम्ही. मी होली स्टाफ, म्हणजे उपचाराची काठी, घेतली.

सुरुवातीला मी बघायचो पट्ट्यांकडे, सगळे नवे हीलर तसंच करतात. बोट पट्टीवर, डोळे पट्टीवर, बाकी पडदा मला दिसतच नसे. दोन महिने असे गेले. मग एकदा एकादशीच्या भजनाला बसलो असताना माझं मलाच जाणवलं की वाजवताना मी पखवाजाकडे कधीच बघत नाही. माझी नजर बुवांवर असते. बुवा श्वास कुठे घेतात, मान कुठे वळते, तान किती लांबणार, हे त्यांच्या खांद्यावरून कळतं. समेवर थाप पडते ती मी सम ऐकली म्हणून पडत नाही, ती येणार हे आधी ठाऊक असतं म्हणून पडते. ऐकून मग मारली तर ती उशिरा पडलेली थाप, आणि उशिरा पडलेली थाप सगळ्या मंडपाला कळते.

दुसऱ्या दिवशीपासून मी शत्रूकडे बघायला लागलो. त्याचा हात कधी वर जातो, जमिनीवर लाल आकार कुठे उमटतो, मोठा वार करायच्या आधी तो किती क्षण थांबतो. मंत्र पुरा व्हायलाही वेळ लागतो. वार बसल्यावर सुरू केलेला मंत्र उशिराचा. वार हवेत असताना सुरू केला तर दोन्ही एकदमच उतरतात, आणि टँकची पट्टी खाली जाऊन लगेच वर येते. त्या क्षणाचं समाधान समेवर पडलेल्या थापेइतकंच असतं. हे मी आमच्या बुवांनाही सांगितलं. ते खेळत नाहीत, पण त्यांना लगेच समजलं.

आणखी एक. साथीदाराने गवयाच्या पुढे जायचं नसतं. रूपाचा अभंग चालू असताना पखवाजाने आपली कला दाखवायला घेतली तर भजन तिथेच बसतं. हीलरचंही तेच. खेळातल्या काळ्या प्रदेशात मेलात तर अंगावरचं सगळं जातं, तिथे मी एकदा उत्साहात टँकच्या पुढे धावलो. चौघांचं सामान गेलं. कुणी काही बोललं नाही, पण महिनाभर मी त्या सामानासाठी खाणकाम करत होतो, आणि ते केलंच पाहिजे होतं.

*

एक नर्स, उत्तर गोवा

मी वॉरक्राफ्टकडे उलट्या वाटेने आले. २०२० मध्ये ड्यूटीच्या मधल्या वेळात साथीच्या रोगांबद्दल वाचत असताना वॉरक्राफ्टमधली २००५ ची घटना वाचनात आली. सप्टेंबरमध्ये झुल'गुरुब हे नवं रेड (मोठ्या गटाचं डंजन) आलं. तिथला बॉस हक्कार एक संसर्गजन्य शाप द्यायचा, करप्टेड ब्लड. तो त्या रेडमध्येच राहायला हवा होता. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोचला, आणि कमी लेव्हलचे खेळाडू पटापट मेले. काही हीलर धावून गेले. त्यांनी जीव वाचवले, आणि वाचलेल्यांनी रोग पुढे नेला. रोगप्रसाराचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर २००७ मध्ये द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये लिहिलं आहे. मी ते घरी येऊन दोनदा वाचलं आणि क्लासिकमध्ये हीलर म्हणून ड्रुइड घेतली.

माझी मोडलेली सवय : सगळ्यांना वाचवायचंच ही जिद्द. क्लासिकमध्ये ड्रुइडला मेलेल्याला उठवायचा एकच मंत्र, तोही अर्ध्या तासातून एकदा, आणि त्याला झाडाचं बी खर्चावं लागतं. झुंज चालू असताना उठवता येतं हे त्याचं बळ. पहिल्या वेळी मी जो आधी पडला त्याला उठवलं, तो मारणारा होता. वीस सेकंदांनी टँक पडला. बी होतं, पण अर्धा तास कुठून आणणार? आता कुणी पडला की मी आधी श्वास घेते आणि विचारते, याच्यावाचून झुंज चालेल का? वॉर्डात हा प्रश्न मला रोज पडतो, आणि तिथे त्याचं उत्तर मनाला फार लागतं. खेळात तो प्रश्न मी शांतपणे विचारू शकते. चूक झाली तर सगळे स्मशानातून पळत परत येतात आणि पुन्हा सुरू करतात. रात्रपाळी संपवून आल्यावर मला त्याचा किती आधार वाटला, ते शब्दांत नीट मांडता येत नाही.

*

पेडण्याहून, एक आई

माझा नवरा बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने. मुलगा पंधरा वर्षांचा. तो खोलीचं दार लावून खेळतो म्हणून मी रोज रागवायचे. एक दिवस विचारलं, "मला शिकवशील?" त्याने गिल्ड वॉर्स २ लावून दिलं, मूळ खेळाला पैसे पडत नाहीत. मला रेंजर दिला, सोबत एक अस्वल.

या खेळात प्रत्येकाचा स्वतःचा उपचार सहा नंबरच्या बटणावर असतो, त्यामुळे हीलर म्हणजे एकटीने सगळ्यांना ओढून नेणारी, असं नाही. माझ्या सहा नंबरवर हीलिंग स्प्रिंग आहे, जमिनीवर पाण्याचं वर्तुळ उमटतं. मुलाने सांगितलं, "आई, तू पाणी सोड, मी त्यात स्फोट करतो." तसा केला की भोवतालच्या सगळ्यांचा जीव थोडा भरतो. एकट्या माझ्या पाण्याने होत नाही तेवढं दोघांनी मिळून होतं. मला वेळ साधायला खूप दिवस लागले. मी पाणी सोडायचे तेव्हा तो दुसरीकडे असायचा. मग आम्ही बोलून ठरवायला लागलो, "आता?" "थांब, थांब... आता!"

माझी सवय मोडली ती लगेच धावायची. या खेळात जीव संपला की माणूस आधी गुडघ्यावर येतो, बाजूचा कुणीही त्याला उठवू शकतो. मुलगा पडला की मी हातातलं सगळं टाकून त्याच्याकडे, आगीतून. तो सांगायचा, "आई, आधी बाहेर ये, मी अजून मेलो नाही, माझ्याकडे वेळ आहे." खरोखरच असायचा. बोटीवरून नवऱ्याचा फोन येतो तेव्हा आता दोघे मिळून त्याला ही झुंज सांगतो. दार उघडं असतं.

*

मडगावहून, अगदी नवा

मी आजच फायनल फँटसीत कॉन्जरर हा हीलर घेतला, नावापुढे नवख्यांचा हिरवा कोंब आहे. उद्या पहिलं डंजन, सास्ताशा. एकच विचारायचं आहे. माझी आणि टँकची पट्टी एकदम खाली आली तर आधी कुणाला?

फोंड्याहून, धागाकर्ता

आधी स्वतःला. तू पडलास तर त्याला भरणारं कुणी उरत नाही. दोघांना एकाच मेडिकात (भोवतालच्या सगळ्यांना भरणारा मंत्र) घेता आलं तर उत्तमच, पण दोघे तिच्या टप्प्यात हवेत. आणि जाताना सांग, पहिल्यांदाच आलोय म्हणून. कोंब दिसला की लोक सांभाळून घेतात.

मडगावहून

सास्ताशा झालं! सांगितलं, आणि टँकने दर झुंजीआधी थांबून विचारलं. शेवटचा शत्रू डेन, त्याच्यासमोर टँक एकदा पडला. मी उठवायचा मंत्र सुरू केला, तो आठ सेकंदांचा आहे हे मला माहीत नव्हतं. आठ सेकंद जागचा हललो नाही, मारणाऱ्या दोघांनी तोवर डेनला स्वतःवर घेतलं. टँक उठला तेव्हा त्याची पट्टी अगदी थोडी होती, पण मी लगेच भरायला घेतलं नाही. आधी डेनकडे बघितलं, वार येतोय का ते. पखवाजवाल्या काकांमुळे. आज रात्री पुढचं डंजन, ताम-तारा.