खिम्याचा पास्ता: खाली पाणी साचतं, वरचा पास्ता कोरडा राहतो

शाहूपुरीची_सून
आमच्यात रविवारी मटण असतंच. पण दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांना कवळी बसवली, तेव्हापासून त्यांना फोडी चावत नाहीत. रश्शात भाकरी कुस्करतात आणि उठतात. पोरांना पास्ता हवा असतो, म्हणून म्हटलं खिम्याचा पास्ता करावा, सगळ्यांना एकच जेवण होईल. अर्धा किलो खिमा कुकरला तीन शिट्ट्या काढून शिजवला. गाजर, ढबू मिरची आणि मटार त्यातच घातले. पास्ता अर्धा तास आधी उकडून गार पाण्यानं धुतला आणि तेल लावून ठेवला.

ताटात खाली पाणी आणि वर कोरडा पास्ता. ढबूचा पार लगदा. सासरे काही बोलले नाहीत, नुसती भाकरी मागून घेतली. मला ते फार लागलं.

सात माणसांना (त्यात दोन पोरं) पास्ता किती घ्यावा? पाणी सुटू नये म्हणून काय करू? घरची कांदा-लसूण चटणी चालेल का?

खपली_गहू
ताई, पास्ता धुऊ नका. त्याच्या अंगावरच्या स्टार्चमुळंच सॉस धरून राहतो. तेल लावलं की सॉस घसरून खाली जातो.

माणशी 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता धरतात. तुम्हाला 600 ग्रॅम पुरे. 100 ग्रॅमला लिटरभर पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उपसा, गरमच सॉसमध्ये टाका आणि त्याच उकळीचं वाटीभर पाणी घालून परता. रस्सा नको, लपथपीत व्हायला हवं. आणि पाकिटावर डुरम गव्हाचा रवा लिहिलंय का ते बघा, मैद्याचा पास्ता लवकर गळतो. डुरम आपल्या खपलीच्या भावकीतलाच.

गॅलीतला_आचारी
मी अकरा वर्षं जहाजावर स्वयंपाक केला, इटालियन शेफच्या हाताखाली. तुमचा घोळ कुकरमुळं झालाय. कुकरात पाणी उडून जात नाही, सगळं आतच राहतं.

खिमा धुतला असेल तर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात बारीक चिरलेला कांदा आणि गाजर मंद आचेवर पंधरा मिनिटं परता, मग काढून ठेवा. आच मोठी करून खिमा दोन वेळा थोडा थोडा घाला, एकदम घातला तर पाणी सुटतं. तांबूस झाला की कांदा-गाजर परत घाला, टोमॅटो घाला, आणि झाकण तिरपं ठेवून बारीक आचेवर दीड-दोन तास. घाई करू नका, कवळीच्या माणसासाठी तर अजिबात नको.

शेवटी वाटीभर दूध. नवल वाटेल, पण इटलीतल्या बोलोन्या शहराच्या रागूत, म्हणजे तिथल्या खिम्याच्या सॉसमध्ये, दूध घालतात. 1982 साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ती कृती रीतसर नोंदवली, तिच्यातही आहे. ते बीफचा करतात, मटणालाही हीच रीत चालते. दुधानं टोमॅटोचा आंबटपणा मवाळ होतो.

ढबू_मिरची
चटणी एक लहान चमचा, तेलात परतून. जास्त नको, तिच्यात खोबरं आणि तीळ असतात, चव थेट तांबड्या रश्शाकडं जाते. गरम मसाला अजिबात नको. ढबू वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून अगदी शेवटी घाला. मटार शेवटच्या दहा मिनिटांत.

शाहूपुरीची_सून
आज केला. सकाळी साडेनऊला खिमा चढवला, साडेअकराला उतरवला. दूध घालताना हात थांबला होता, पण फाटलं नाही. लांब पास्ता न आणता शिंपल्यासारखा लहान आणला, खिमा त्याच्या पोटात भरतो. ताटात खाली पाण्याचा थेंब नव्हता.

सासऱ्यांनी चमच्यानं खाल्ला आणि वाटीत परत घेतला. मटार तेवढे कडक राहिले, ते त्यांनी एकेक करून ताटाच्या कडेला ठेवले. पुढच्या रविवारी मटार आधी उकडून घेते.