२५०० च्या आत फुल फेस हेल्मेट: कपाळ दुखतं, गाल सैल, वर चष्मा. काय घ्यावं?

चिंचोळी_शिफ्ट

जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, रोज जाणं-येणं. १२५ सीसी गाडी, पुणे हायवेवर ६०-७० चा वेग. आठवड्याआड रात्रपाळी. चष्मा कायमचा.

सध्याचं हेल्मेट एल साइजचं, फुल फेस, आयएसआय. २० मिनिटांत कपाळाच्या मधोमध दुखू लागतं, काढलं की लाल वळ दिसतो. तरी कानाच्या वर दोन्ही बाजूंना बोट जातं, आणि ७० ला मान वळवली की हेल्मेट मागं राहतं, डोकं पुढं जातं. डोक्याचा घेर टेपनं ५८.५ सेंमी आला.

बजेट २५००, ताणून ३०००. प्रश्न तीन:
१. एम घेऊ का परत एल?
२. उन्हाळ्यात दुपारी दोनच्या शिफ्टला डोकं शिजू नये, याला इलाज काय?
३. महाग हेल्मेट खरंच जास्त सुरक्षित असतं, का नुसतं नाव?

मित्र म्हणतो, "वापर बे, सैल होतंय हळूहळू." खरंय का?

काउंटरमागचा

मित्राचं अर्धंच खरं. गालाचा स्पंज पंधरा-वीस तासांच्या वापरात दबतो, म्हणून नवं हेल्मेट गालाला घट्ट असलेलं बरं. कपाळाला मात्र पातळ गादी आणि तिच्यामागं लगेच कडक थर्माकोल असतो. तो सैल होत नाही. दुकानात कपाळ दुखलं तर ते हेल्मेट वर्षानंही दुखणार.

नवं घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा. आतलं कापड काढता येणारं असेल तर त्याची पुढची कड एका प्लास्टिक पट्टीवर शिवलेली असते आणि ती पट्टी थर्माकोल व बाहेरच्या कवचाच्या फटीत खोचलेली असते. धुऊन परत बसवताना ती नीट खोचली गेली नाही तर कड वर राहते आणि नेमकी कपाळावर रुतते. पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. वळ गेला तर निम्मा प्रश्न फुकटात सुटला.

पट्टी नीट असूनही दुखत असेल तर गडबड आकारात आहे, साइजमध्ये नाही. घेर दोघांचा ५८ असला तरी एकाचं डोकं वरून बघितलं तर गोल, दुसऱ्याचं लांबट. गोल आतल्या हेल्मेटमध्ये लांबट डोकं घातलं की कपाळ आणि मागचा भाग टेकतो, कानावर पोकळी राहते. तुमची लक्षणं तंतोतंत हीच. उलट प्रकारात कानशिलं दाबली जातात आणि कपाळासमोर जागा राहते. केस पाण्यानं चापून बसवा आणि कुणाला तरी सरळ डोक्यावरून फोटो काढायला सांगा, आकार लगेच कळतो.

म्हणून त्याच मॉडेलचं एम घेऊ नका. बाजू बसतील, पण कपाळ आणखी दुखेल. दुसऱ्या आकाराचं मॉडेल हवं.

माप परत घ्या. शिलाईचा टेप, भुवईच्या वर साधारण दोन-अडीच सेंमी, कानाच्या वरून, मागं डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांत एम म्हणजे ५८, एल म्हणजे ६०, पण आतल्या लेबलवर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं (५८०, ६००), तेच वाचा. ५८.५ मध्येच लटकतंय, त्यामुळे नव्या मॉडेलमध्ये आधी एम घालून बघा. कपाळ दुखलं तरच एल.

दुकानात घातल्यावर:

पट्टा दोन्ही हातांनी बाहेर ओढून हेल्मेट घाला. कान दुमडले तर आत बोट घालून सरळ करा. घालताना जरा झगडावं लागलं तर चांगलंच.

बक्कल लावून हेल्मेट हातानं डावं-उजवं फिरवा. गालाची आणि कपाळाची कातडी बरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, म्हणजे मोठं झालं.

मग मागची खालची कड धरून वर आणि पुढं ढकला, म्हणजे डोक्यावरून पुढं उलटवायचा प्रयत्न करा. डोळ्यांवर आलं तर नको. निघालंच तर दुकानदारानं कितीही सूट दिली तरी नको.

बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली किंचित येते, ते चालतं. जबडा हलवता येत नसेल तर मात्र जास्त घट्ट.

आणि हे सगळं करून १५ मिनिटं डोक्यावर ठेवा. मोबाइल बघत बसा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. काढल्यावर कपाळावर ठळक गोल डाग असेल तर परत द्या. सगळीकडे सारखी फिकट लाली असेल तर बसलं म्हणायचं.

चष्म्यासाठी: हेल्मेट आधी, चष्मा नंतर. काड्या सरळ आणि पातळ हव्यात, कानामागं गोल वळणाऱ्या काड्या आत जातच नाहीत. काही मॉडेलांत गालाच्या पॅडला काडीसाठी खाच असते, विचारून घ्या. चष्मा घालूनच १५ मिनिटं मोजा, नाहीतर दुकानात मस्त वाटतं आणि वाटेतल्या बाळे गावापर्यंत कानशिलं ठणकतात.

थर्माकोल_मास्तर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. किंमत आणि सुरक्षितता हातात हात घालून चालतात असं नाही.

डोकं वाचवतो तो आतला थर्माकोल. आपटल्यावर तो चेंगरतो आणि धक्का खातो. चेंगरला की परत फुगत नाही, त्यामुळे डोक्यावर असताना एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकाचक दिसलं तरी बाद. बाहेरचं कवच धक्का पसरवतं. स्वस्तात ते एबीएस प्लास्टिकचं, थोडं वर पॉलिकार्बोनेट मिश्रणाचं, महागात फायबरचं. एबीएसचं चांगल्या कंपनीचं हेल्मेट रोजच्या वापराला पुरेसं आहे.

पैसे वाढले की काय मिळतं? चांगली काच, काढता येणारं अस्तर, खरी हवा, कमी आवाज, गालाच्या पॅडचे वेगळे साइज. आणि चित्रं. त्याच मॉडेलचं साध्या रंगाचं हेल्मेट चित्रवाल्यापेक्षा काहीशे रुपयांनी स्वस्त असतं, कवच तेच. तुमच्या बजेटला साधा रंगच घ्या आणि वाचलेल्या पैशात जादा काच.

१२०० ते २५०० मध्ये स्टड्स, स्टीलबर्ड, व्हेगा यांची भरपूर मॉडेलं आहेत. एसएमके (हा स्टड्सचाच ब्रँड), एलएस२, अ‍ॅक्सॉर बहुतेक ३००० च्या वर जातात. नाव बघून ठरवू नका, वर काउंटरवाल्यांनी सांगितलंय तसं डोकं घालून ठरवा.

शिक्क्यांचं: १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकी हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे. मार्कच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल नं सुरू होणारा लायसन्स नंबर हवा. तो नंबर बीआयएसच्या (आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका, कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. नाव जुळलं नाही तर स्टिकर खोटा. हायवेकडेला दोरीला टांगलेली ३००-४०० ची हेल्मेटं याच परीक्षेत गळतात. त्यातल्या कित्येकांत कापडाखाली थर्माकोलच नसतो, नुसता मऊ स्पंज असतो. अंगठ्यानं दाबून बघा: थर्माकोल कडक लागतो, स्पंज आत जातो.

डीओटी हा अमेरिकेचा शिक्का आणि तो कंपनी स्वतःच स्वतःला देते, सरकार नंतर बाजारातून उचलून तपासतं. आपल्या बाजारात त्या स्टिकरवर भाळू नका. ईसीई २२.०६ या युरोपातल्या शिक्क्यात विकण्याआधी तपासणी होते आणि तिरका आपटल्यावर डोकं किती पिळलं जातं तेही बघतात. बजेटमध्ये मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी न बसणारं हेल्मेट घेऊ नका.

वजन १२०० ते १५०० ग्रॅमच्या दरम्यान असतं, लेबलवर लिहिलेलं असतं. मान दुखण्याचा त्रास असेल तर १३५० च्या खालचं बघा.

बक्कल: डबल डी रिंग (दोन कड्यांतून पट्टा ओवायची) सगळ्यात भरवशाची पण रोज ओवायचा कंटाळा. दातेरी पट्टीवालं क्लिक बक्कल सोपं, आणि दर वेळी हवं तेवढं घट्ट होतं. साध्या सीटबेल्टसारख्या बक्कलचा पट्टा हळूहळू सरकून सैल होतो, तो महिन्यातून एकदा ओढून बघायचा. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. आणि बक्कल न लावता घातलेलं हेल्मेट कायद्याच्याही हिशेबी घातलेलं नसतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये घट्ट बांधणं धरलेलंच आहे, १९४डी खाली दंड १००० आणि तीन महिने लायसन्स निलंबन.

बाळेकर

उन्हाचं मी सांगतो. हवेच्या जाळ्या मोजू नका, आरपार आहेत का बघा. आतलं कापड काढा, मोबाइलची टॉर्च बाहेरून जाळीवर धरा. आत थर्माकोलच्या भोकातून उजेड आला तर हवा येणार. नाही आला तर ती जाळी शोभेची. हवा आत येऊन उपयोग नाही, मागून बाहेरही गेली पाहिजे. मागची भोकंही तशीच तपासा, आणि थर्माकोलमध्ये पुढून मागं नाळी कोरलेली आहे का बघा.

सिग्नलला कुठलंही हेल्मेट गरमच होणार, सात रस्ता चौकात थांबल्यावर जाळी काय करेल? पण हायवेवर फरक जाणवतो.

पांढरं घेतल्यानं डोकं फार थंड राहतं असं नाही, मधल्या थर्माकोलमुळे तो फरक थोडा पडतो. पांढरं घ्या ते रात्री ट्रकवाल्याला दिसावं म्हणून. रात्रपाळी आहे, तर काळी काच अजिबात नको. पारदर्शकच घ्या आणि दिवसा गॉगल किंवा चष्म्याच्या नंबरचा रंगीत चष्मा.

आत पातळ सुती किंवा लायक्राची टोपी घाला, दोन आणा, रोज धुवा. घाम अस्तरात मुरला नाही तर अस्तर कुजत नाही. टोपी घालणार असाल तर दुकानात मापही टोपी घालूनच.

आपल्याकडच्या धुळीत काच आठ-दहा महिन्यांत ओरखडते, कारण सगळे कोरड्या रुमालानं पुसतात. ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर ठेवा, धूळ भिजली की अलगद उतरवा. पेट्रोल, थिनर, खिडकीच्या काचेचा स्प्रे लावू नका, पॉलिकार्बोनेटवर बारीक तडे जातात. रात्री समोरचा हेडलाइट फुटून पसरलेला दिसू लागला की काच बदलायची वेळ झाली.

चिंचोळी_शिफ्ट

सगळ्यांना धन्यवाद. पट्टी तपासली, नीट खोचलेली आहे. वरून फोटो काढला, डोकं चांगलंच लांबट निघालं. दोन शंका राहिल्या. चष्म्यासाठी फ्लिप-अप (हनुवटीचा भाग वर उघडणारं) सोयीचं वाटतं, घेऊ का? आणि बायको मागं बसते, तिला हेल्मेट घातलं की अंबाड्यामुळे वर उचललं जातं. तिच्यासाठी मोठा साइज घ्यायचा का?

पिलियन_सीट

दादा, वहिनींना मोठा साइज अजिबात नको. अंबाडा मागं खाली असतो, तो हेल्मेटची मागची कड वर ढकलतो आणि पुढची कड डोळ्यांवर येते. मोठं घेतलं तर अंबाडा मावेल, पण डोकं आत गटांगळ्या खाईल. केस मोकळे सोडून किंवा मानेवर सैल वेणी घालून मोजा आणि तोच साइज घ्या. वेणी हेल्मेटच्या खालून बाहेर, जॅकेट किंवा पदराच्या आत. क्लिप, चाप, गजऱ्याची पिन डोक्यावर ठेवू नका, आपटल्यावर तीच डोक्यात घुसते. कानातले झुमके काढून पर्समध्ये.

बायकांच्या डोक्याचा घेर बऱ्याचदा ५४ ते ५६ असतो, म्हणजे एक्सएस किंवा एस. दुकानात ते साइज मागं ठेवलेले असतात, "एम चालतंय की" म्हणून देतात. काढायला लावा.

थर्माकोल_मास्तर

फ्लिप-अप या बजेटमध्ये मी घेणार नाही. बिजागरी आणि कुलपाचं वजन वाढतं, आवाज जास्त, आणि स्वस्तात हनुवटीचं कुलूप प्लास्टिकचं असतं. घ्यायचंच तर धातूचं कुलूप बघा आणि चालवताना हनुवटी बंद. उघडी ठेवून पळवायचं असेल तर त्यावर पी/जे असा दुहेरी शिक्का लागतो, पी म्हणजे हनुवटी संरक्षक, जे म्हणजे हनुवटी उघडी. हाफ फेस तर हायवेला नकोच, जबडा पूर्ण उघडा राहतो.

आतल्या काळ्या काचेचं मॉडेलही चष्म्यावाल्यानं जपून घ्यावं. ती काच खाली आल्यावर चष्म्याच्या फ्रेमला घासते का, ते दुकानात उघड-बंद करून बघा.

काउंटरमागचा

शेवटचं, आणि हे पैसे वाचवणारं आहे. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत एम आणि एलचं बाहेरचं कवच एकच असतं, फरक फक्त आतल्या गाद्यांचा. त्यामुळे नव्या मॉडेलमध्ये कपाळ आरामात बसलं पण गाल सैल लागला, तर त्याच मॉडेलचे लहान साइजचे (म्हणजे जाड) गालाचे पॅड वेगळे मिळतात का विचारा, पॅडच्या मागं जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. पाच मिलिमीटर जाडी वाढली तरी ७० ला हेल्मेट जागचं हलत नाही. जुन्या हेल्मेटला मात्र हा उपाय लावू नका, तिथं दुखणं कपाळाचं आहे. आणि कुणी सांगितलं म्हणून कपाळाजवळचा थर्माकोल पॉलिश पेपरनं घासू नका किंवा चमच्यानं दाबू नका. नेमकी तीच जागा आपटते.

ऑनलाइन घेणार असाल तर टॅग आणि काचेवरची फिल्म न काढता घरात अर्धा तास घालून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत. आतलं बनवल्याचं लेबलही वाचा, महिना-वर्ष असतं. दोन वर्षं गोदामात पडलेला माल सवलतीत खपवतात. रोज उन्हातान्हात वापरलेलं हेल्मेट पाचेक वर्षांत बदलायचंच असतं.

आणल्यावर गाडीच्या आरशावर टांगू नका, आरशाची दांडी आतून थर्माकोलला खळगा पाडते. पेट्रोल भरताना टाकीवरही ठेवू नका, पेट्रोलनं थर्माकोल विरघळतो.